नित्मिलुकची दरी आणि कागदावांचून शाबीत झालेला हक्क

१. प्रयोजन

ऑस्ट्रेलिया खंडाच्या उत्तर भागांत, नॉर्दर्न टेरिटरी या नांवाच्या प्रांतांत, कॅथरिन नांवाची एक नदी आहे. वालुकाश्माचें पठार फोडून ही नदी जेथें बाहेर पडते, तेथें तिनें एकीमागून एक अशा तेरा दऱ्या कोरल्या आहेत. इंग्रजी नकाशांत या स्थळास पुष्कळ वर्षें ‘कॅथरिन गॉर्ज’ म्हणत. तेथील मूळ रहिवासी जे जावोइन लोक, त्यांच्या भाषेंत त्याचें नांव नित्मिलुक. दरी व तिच्या सभोंवारचा सुमारें २९०० चौरस किलोमीटर मुलूख मिळून जें राष्ट्रीय उद्यान झालें आहे, त्यास इ. स. १९८९ पासून हें मूळचेंच नांव सरकारी रीत्या मिळालें आहे.

इतक्या दूरच्या दरीची हकीकत या त्रैमासिकांत कशासाठीं, असा प्रश्न वाचक करतील. त्याचें उत्तर असें. या दरीच्या मालकीचा वाद अकरा वर्षें चालला. वाद सांगणाऱ्यांजवळ सनद नव्हती, ताम्रपट नव्हता, शिलालेख नव्हता, वहींत लिहिलेली वंशावळ नव्हती. असें असूनहि त्यांनीं रीतसर चौकशींत आपला हक्क शाबीत केला. ज्यांचा सर्व व्यवसाय जुन्या कागदांवर चालतो त्या आम्हां लोकांनीं हा निकाल कोणत्या पुराव्यावर झाला, तो पुरावा कसा तपासला गेला आणि त्याचें सामर्थ्य किती, हें पाहणें अगत्याचें आहे. तेवढेंच प्रस्तुत लेखांत करावयाचें आहे.

२. नांवांचे थर

कोणत्याहि मुलखाचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे प्रथम नांवें तपासावीं. कॅथरिन हें नांव जॉन मॅक्डूअल स्टुअर्ट या प्रवाशानें दिलें. दक्षिणेकडून उत्तर किनाऱ्यापर्यंत खंड ओलांडीत असतां ता. ४ जुलै १८६२ रोजीं तो या नदीवर आला, आणि आपल्या मोहिमांस द्रव्यसाहाय्य करणाऱ्या जेम्स चेंबर्स याच्या मुलीचें नांव त्यानें नदीस दिलें. मुलीच्या नांवाचें इंग्रजी आद्याक्षर निराळें होतें. नदीच्या नांवांत तें बदललें, आणि आज नदी व तिच्या कांठचें गांव हीं दोन्ही बदललेलेंच रूप धारण करून आहेत. नकलनविसांचे हस्तदोष ज्यांनीं पोथ्यांत पाहिले आहेत त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

स्टुअर्टच्या वाटेच्याच धोरणानें पुढें तारायंत्राची ओळ आली. ती १८७२ सालीं पुरी झाली व कॅथरिनच्या उतारावर तारेचें ठाणें बसलें. १८७९ सालीं जवळच स्प्रिंगव्हेल येथें गुराढोरांचा मोठा तळ पडला. १९१३ सालीं मॅरनबॉय येथें कथील सांपडलें व खाणवाले आले. दर पावलागणिक जावोइन लोकांच्या पाण्याच्या व शिकारीच्या जागा आकुंचित झाल्या आणि ते तळांवर, खाणींवर व गांवाच्या कडेला मोलमजुरीस लागले.

याच उद्यानांत वायव्येकडे दुसरी एक नदी व तिचा धबधबा आहे. धबधब्याचें जावोइन नांव लेलियिन, इंग्रजी नांव ईडिथ. ही ईडिथ कोण? दक्षिण ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन याची ती पत्नी. फर्ग्युसनची कारकीर्द १८६९ ते १८७३, आणि त्या काळीं उत्तरेचा हा सर्व प्रांत दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या अंमलाखालीं होता. हाच फर्ग्युसन पुढें १८८० पासून १८८५ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि पुण्याचें फर्ग्युसन कॉलेज त्याच्याच नांवाचें. लेडी ईडिथ मात्र १८७१ सालींच वारली. तिच्या पित्याचें नांव महाराष्ट्रास चांगलें परिचयाचें आहे. सातारचें राज्य औरस वारस नाहीं या सबबीवर खालसा करविणारा, आणि ज्याच्या अमदानींत १८५२ चा इनाम कमिशनचा कायदा झाला, तो लॉर्ड डलहौसी हाच तिचा पिता होय. हा निव्वळ योगायोग आहे, कार्यकारणभाव नव्हे. परंतु पुढील विवेचनांत त्याचा उपयोग होणार असल्यामुळें येथें नोंदवून ठेवितों.

या इंग्रजी थराखालीं जें जुनें नांव आहे त्याची उपपत्ति जावोइन लोक अशी सांगतात. सृष्टीच्या आरंभकाळीं नबिलिल नांवाचा एक अजस्र, सरड्यासारखा प्राणी या मुलखांतून फिरत आला. दरीच्या मुखाशीं त्यानें मुक्काम केला असतां झाडांवर बसून अखंड ओरडणाऱ्या किड्याचा, म्हणजे इंग्रजींत ज्यास सिकाडा म्हणतात त्याचा, ‘नित् नित् नित्’ असा आवाज त्यानें ऐकला आणि त्यावरून त्यानें स्थळाचें नांव नित्मिलुक ठेविलें. पक्ष्यांचीं नांवें त्यांच्या आवाजाच्या अनुकरणानें पडतात असें यास्काचार्यांनीं निरुक्तांत म्हटलें आहे. येथें किड्याच्या आवाजावरून स्थळाचें नांव पडलें. हें नांव ज्याला कळलें त्याला तेथें काय ऐकूं येतें हेंहि कळलें. चेंबर्सची मुलगी किंवा लेडी ईडिथ यांच्या नांवांपासून त्या मुलखाविषयीं कांहींच कळत नाहीं. तीं नांवें फक्त ठेवणाऱ्याचा आश्रयदाता कोण तें सांगतात.

३. वाट

दरीच्या मुखापासून लेलियिनपर्यंत सुमारें ६२ किलोमीटरची पायवाट आहे. तीस पीटर जटबुला या जावोइन वडीलधाऱ्या पुरुषाचें नांव दिलेलें आहे. जमिनीचा हक्क मिळविण्याच्या कामीं झटणाऱ्यांत ते प्रमुख होते, आणि याच मार्गानें ते आपल्या कुटुंबासह दरीपासून लेलियिनपर्यंत चालत जात असत. वाट एकाच दिशेनें, म्हणजे दरीकडून लेलियिनकडे चालावयाची असा नियम आहे, आणि ती कोरड्या ऋतूंतच परवान्यानें खुली असते. पावसाळ्यांत या नद्यांचें रूप निराळें असतें. १९९८ सालच्या जानेवारींत कॅथरिन गांवाजवळ नदी २० मीटरांहून अधिक चढली व गांव पाण्याखालीं गेलें.

आम्हीं ही वाट सहा दिवसांत चालून पाहिली. तत्पूर्वीं होडीनें पहिल्या दोन दऱ्या पाहिल्या. दोन्ही बाजूंस तांबूस वालुकाश्माचे ताठ कडे आहेत. हा दगड दीड अब्ज वर्षांहून जुना आहे. त्यास उभ्या आडव्या भेगा पडलेल्या असून नदी त्या भेगांच्याच अनुरोधानें काटकोनांत वळत जाते. दुसऱ्या दरींत खोल डोह आहेत, आणि त्यांत बोलुंग नांवाचा इंद्रधनुष्यरूपी महासर्प वसतो असा जावोइन लोकांचा दृढ समज आहे. त्या डोहांचें पाणी पिण्यास घ्यावयाचें नाहीं. तें जवळच्या उथळ पाण्यांतून घ्यावें. डोहांच्या आसपास मासे धरले तर थोडे ठेवून बाकीचे परत पाण्यांत सोडावे. गर्भवती स्त्रियांनीं व नवदीक्षितांनीं या नदींत उतरूं नये. हे नियम आजहि सांगितले जातात. कोणी यास भोळा समज म्हणेल. पण कोणत्या पाण्यांत किती घ्यावें व कोठें मुळींच घेऊं नये हें ज्या लोकांनीं ठरविलें आहे, त्यांचा त्या पाण्याशीं संबंध केवळ वाटसराचा नाहीं, हें कोणासहि कबूल करावें लागेल.

वाटेच्या आरंभीं एक ओढा होडीनें ओलांडावा लागतो. नंतर सपाट रान व मग पठाराची चढण. पहिला मुक्काम सुमारें आठ किलोमीटरांवर, बिडलकूम नांवाच्या झऱ्यांपाशीं. तेथून पुढें क्रिस्टल धबधबा, सतरा मैलांचा धबधबा, वाळूचा तळ, गोड्या पाण्याचा डोह, व शेवटीं लेलियिन. खडकांत ताठ टोंचरें गवत, ओढ्याकांठीं केवड्याच्या जातीचीं झुडपें, आणि ओलीच्या जागीं एक उंच वृक्ष, ज्याची साल पातळ पापुद्र्यांनीं सुटते. इंग्रज त्यास कागदी सालीचें झाड म्हणतात. आम्हांस भूर्जपत्राची आठवण झाली. तेथील लोकांनीं या सालीचा उपयोग अन्न गुंडाळण्यास, आंथरण्यास व आडोशास केला. तिच्यावर लिहिलें मात्र नाहीं. लिहिण्याजोगी साल हाताशीं असतांहि त्यांनीं आपलें ज्ञान दुसऱ्या ठिकाणीं सांठविलें.

तें ठिकाण कोणतें, हें चालतांना ध्यानांत येऊं लागतें. वरील पांचहि मुक्काम पाण्यावर आहेत. दोन पाण्यांमधील अंतर हीच दिवसाची चाल. सूर्य वर आला म्हणजे खडक इतका तापतो कीं पहांटे निघून दुपारपूर्वीं पुढलें पाणी गांठणें भाग पडतें. आजच्या प्रवाशास उद्यानखात्याच्या खुणा आहेत व नकाशा आहे. शंभर वर्षांपूर्वीं जो येथून जात असे त्याजजवळ स्मरणाशिवाय कांहींच नव्हतें. कोणतें पाणी कोरड्या ऋतूच्या अखेरपर्यंत टिकतें, कोणत्या कपारींतून पठारावर चढतां येतें, कोणत्या जागेस कोणी जावें व कोणी जाऊं नये, हें सर्व गाण्यांत, कथांत व नांवांत बांधून ठेवलेलें असे, आणि चालणारा तें त्याच क्रमानें आठवीत जाई. तेव्हां हा मुलूख म्हणजे ग्रंथ, नांवें म्हणजे त्याची अनुक्रमणी आणि चालणें म्हणजे पारायण, असें म्हटल्यास तें नुसतें रूपक होत नाहीं. पारायणांत खंड पडला तर येथें माणूस तहानेनें मरतो.

क्रिस्टल धबधबा व सतरा मैलांचा धबधबा यांच्या दरम्यान कड्यांनीं वेढलेला एक खोलगट भाग आहे. इंग्रजींत त्यास ॲम्फिथिएटर म्हणतात. आंत दाट सावली आहे व भिंतींवर गेरूनें काढलेल्या मनुष्यांच्या व प्राण्यांच्या आकृति आहेत. कांहीं ठिकाणीं एका चित्रावर दुसरें चित्र चढलेलें आहे, जशी खरवडलेल्या पानावर नवी ओळ. चित्रांस हात लावावयाचा नाहीं. चित्रांचीं कांहीं स्थळें वाटसरास खुलीं आहेत, कांहीं नाहींत, आणि जीं नाहींत त्यांच्याबद्दल विचारूंहि नये अशी रीत आहे.

या चित्रांच्या परंपरेची खोली किती, याचा अंदाज उद्यानाबाहेर ईशान्येस, आर्न्हेम पठारावरील जावोइन मुलखांत झालेल्या उत्खननावरून येतो. नवर्ला गबर्नमंग, म्हणजे खडकांतील भोंक, या नांवाचें शैलगृह २००६ सालीं हवाई पाहणींत नजरेस आलें. नैसर्गिक खांबांवर उभें असलेलें त्याचें छत चित्रांनीं भरून गेलें आहे. तेथें घांसून धार काढलेल्या दगडी कुऱ्हाडीचा तुकडा सांपडला. त्याचें वय सुमारें ३५,००० वर्षें ठरलें व तें २०१० सालीं प्रसिद्ध झालें. कोळशानें रेखाटलेल्या आकृतीचा अंश असलेला दुसरा एक दगड सुमारें २८,००० वर्षांपूर्वींचा ठरला व तें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. आम्ही दोनशें वर्षांच्या मोडी पत्रास जुनें म्हणतों. त्या मानानें पाहिलें असतां येथें काळाचें मापच बदलावें लागतें.

४. दावा

इंग्रज या खंडांत आले तेव्हां त्यांनीं येथील जमीन कोणाच्याहि मालकीची नाहीं असें गृहीत धरून ती आपल्या राजाची ठरविली. जमिनीवर माणसें राहात होतीं हें दिसत होतें. परंतु त्यांच्यापाशीं शेतें, कुंपणें व दस्तऐवज नव्हते, सबब मालकी नव्हती, असा तो न्याय. याच प्रांताच्या ईशान्य टोंकाच्या योल्ङु लोकांनीं न्यायालयांत दाद मागितली. १९७१ सालीं न्यायमूर्ति ब्लॅकबर्न यांनीं निकाल दिला कीं या लोकांची कायद्याची पद्धति सूक्ष्म व स्थिर आहे हें खरें, पण जमिनीशीं त्यांचा जो संबंध आहे त्यास इंग्रजी कायद्याच्या अर्थानें मालमत्ता म्हणतां येत नाहीं. या निकालानंतर १९७३ सालीं न्यायमूर्ति वुडवर्ड यांची चौकशी नेमली गेली, आणि तिच्या आधारें १९७६ सालीं नॉर्दर्न टेरिटरीपुरता आदिवासी भूमिहक्कांचा कायदा झाला.

या कायद्यानें परंपरागत मालक कोणास म्हणावें याच्या कसोट्या घातल्या. पहिली, ते लोक एका वंशपरंपरेनें बांधलेला स्थानिक समूह असावे. दुसरी, त्या भूमीवरील विशिष्ट स्थळांशीं त्यांचा सामाईक आध्यात्मिक संबंध असावा, व त्यायोगें त्या स्थळांची व भूमीची मुख्य जबाबदारी त्यांच्यावर असावी. तिसरी, त्या भूमीवर कंदमूळ व शिकार मिळविण्याचा त्यांना परंपरेनें अधिकार असावा. या तिहींत लेख कोठेंच नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

जावोइन लोकांच्या वतीनें कॅथरिन प्रदेशाचा दावा १९७८ सालीं दाखल झाला. कॅथरिन गांवांतील पुष्कळ गोऱ्या रहिवाशांनीं व प्रांतिक सरकारनें त्यास नेटानें विरोध केला. दरी ही सर्व जनतेच्या विहाराची जागा, ती मूठभर लोकांच्या हातीं जाते, असें म्हणणें पडलें. चौकशी अनेक वर्षें लांबली. दावा चालू असतांनाच ता. १२ जून १९८८ रोजीं बारुंगा या जावोइन भूमीवरील गांवीं पंतप्रधान बॉब हॉक यांस एक लेख अर्पण करण्यांत आला. त्याची रचना संग्राहकांनीं पाहण्यासारखी आहे. एका फळीच्या मध्यभागीं टंकलिखित कागद, त्यांत हक्कांची मागणी. आणि त्याच्या सभोंवार निरनिराळ्या जमातींच्या चित्रकारांनीं आपआपल्या भूमीचीं परंपरागत चित्रें काढलेलीं. आमच्या पत्रांत मजकुराला शिक्कामोर्तब असतें तसें येथें चित्रांचें मोर्तब आहे; मजकूर सरकारच्या रीतीचा, मोर्तब जमातींचें. हॉक यांनीं १९९० पर्यंत तह करण्याचें आश्वासन दिलें. राष्ट्रव्यापी तह अद्यापि झालेला नाहीं. लेख मात्र १९९१ पासून कॅनबेरा येथील पार्लमेंटच्या भवनांत लागलेला आहे.

शेवटीं ता. १० सप्टेंबर १९८९ रोजीं दरीच्या भूमीचा मालकीलेख जावोइन लोकांच्या हातीं देण्यांत आला. त्याच वेळीं त्यांनीं ती भूमि राष्ट्रीय उद्यान म्हणून चालविण्यासाठीं ९९ वर्षांच्या पट्ट्यानें सरकारी खात्यास परत दिली. कारभारमंडळांत १३ सभासद, त्यांपैकीं ८ जावोइन. कागदावांचून शाबीत झालेल्या हक्काचा अशा रीतीनें अखेर कागदच झाला. विहारास येणाऱ्यांची वाट कोणी बंद केली नाहीं.

५. प्रमाणविचार

हा निकाल आमच्या शास्त्रास कितपत परका आहे, हें आतां पाहूं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन प्रमाणें मानिलीं आहेत. म्हणजे लेख हें तिहींपैकीं एक. उपभोगापेक्षां आगम, म्हणजे जमीन कशी मिळाली याचा पुरावा, बलवत्तर असें सांगून स्मृतिकारांनीं लगेच अपवाद केला आहे कीं, जो उपभोग वाडवडिलांपासून क्रमानें चालत आला त्यास हा नियम लागू नाहीं. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत स्मरणाच्या आटोक्यांतील काळाची मर्यादा शंभर वर्षांची धरली आहे. त्यापलीकडील अखंड उपभोगास आगम दाखवा असें म्हणतां येत नाहीं. सीमावादाच्या प्रकरणांत तर स्मृतिकार आणखी पुढें जातात. शिवेचा निर्णय शेजारचे लोक, वृद्ध, गुराखी, शिवेवर नांगरणारे आणि रानांत फिरणारे यांच्या सांगण्यावरून, आणि झाडें, बांध, वारुळें, खोलगट जागा यांसारख्या खुणांवरून करावा. या यादींतील रानांत फिरणारा मनुष्य म्हणजे जमिनीच्या ज्ञानामुळेंच प्रमाण ठरलेला साक्षी होय. नित्मिलुकच्या चौकशींत जे पुढें आले ते याच जातीचे साक्षी होते.

मराठी महजरांचीहि रीत हीच. वतनाच्या वादांत गोत बसे, वृद्ध बोलावले जात, शिवेवरून चालून खुणा दाखविल्या जात, आणि निकाल झाल्यावर तो कागदावर चढे. महजर हा साक्षीचा उतारा आहे. साक्ष आधीं, कागद मागून. पुढें इनाम कमिशननें हा क्रम उलटा केला. ज्याच्या घरचे कागद जळाले, वाळवीनें खाल्ले किंवा लुटींत गेले, त्याला पिढ्यान् पिढ्या खाल्लेलें इनाम राखणें कठीण झालें. ज्याच्या अमदानींत हें झालें त्याच्याच कन्येचें नांव लेलियिनच्या धबधब्यावर बसलें होतें, एवढ्यासाठींच वर तो योगायोग नोंदविला. एके ठिकाणीं कागद नाहीं म्हणून इनाम नाहीं, दुसरे ठिकाणीं कागद नाहीं म्हणून मालकच नाहीं. दोन्हीकडे न्यायाची घडण एकच.

तोंडी पुरावा सैल असतो, तो वादासाठीं रचतां येतो, असा आक्षेप आमच्यांतले पुष्कळ विद्वान् घेतील. आक्षेप योग्य आहे, पण तो बनावट कागदासहि लागू आहे, आणि बनावट कागद ओळखण्याच्या जशा कसोट्या आहेत तशा तोंडी पुराव्याच्याहि आहेत. या कायद्याखालील चौकश्यांत आयुक्त व वकील कचेरींत बसून राहात नसत. ते त्या त्या स्थळीं जात. साक्षीदारास जागेवर उभें करून नांव, कथा व हक्क विचारले जात आणि त्यास उलट प्रश्न घातले जात. निरनिराळ्या साक्षीदारांनीं दिलेल्या वंशावळी एकमेकींशीं ताडून पाहिल्या जात. स्थळांचा क्रम कथेंत जो येतो तोच जमिनीवर आहे कीं नाहीं, हें डोळ्यांनीं दिसे. आणखी एक खूण आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. या लोकांची चाल अशी कीं, जें स्थळ आपल्या कुळाचें नाहीं त्याविषयीं बोलावयाचें नाहीं. ज्याचें असेल त्यास विचारा म्हणून सांगावयाचें. जो साक्षीदार आपला अधिकार कोठें संपतो हें आपण होऊन सांगतो, त्याची साक्ष त्या मर्यादेच्या आंत अधिक भरंवशाची असते. कांहीं गोष्टी केवळ पुरुषांनीं, कांहीं केवळ स्त्रियांनीं ऐकाव्या अशा असतात. त्या बंद दाराआड ऐकून गुप्त ठेवण्याची सोयहि अशा चौकश्यांत केलेली असे.

६. या पुराव्याच्या मर्यादा

असें असलें तरी सर्व कांहीं सुरळीत झालें असें समजूं नये. १९७६ च्या कायद्यान्वयें दावा करतां येई तो मुख्यतः सरकारजवळ पडून असलेल्या, कोणास न दिलेल्या जमिनीवर. गांवाची जमीन, व गोऱ्या गुरेवाल्यांस पट्ट्यानें दिलेली जमीन, यांस हात लावतां येत नसे. म्हणजे जेथून लोक आधीं व पुरते हुसकले गेले तेथेंच त्यांचा हक्क सिद्ध करण्याची वाट बंद. ‘मालक नसलेली भूमि’ या कल्पनेस सर्वोच्च न्यायालयानें ता. ३ जून १९९२ रोजीं माबो खटल्यांत मूठमाती दिली, परंतु अखंड परंपरा दाखविण्याचें ओझें दावेदारावरच राहिलें.

शंका घेणारेहि थांबले नाहींत. नित्मिलुकच्या उत्तरेस, साउथ ॲलिगेटर नदीच्या उगमाकडे, जावोइन मुलखांत एक टेकडी आहे. तिचें नांव गुरत्बा, इंग्रजी नांव कॉरोनेशन हिल. तेथें सोन्याची खाण काढण्याचा बेत होता. या प्रदेशांत बुला नांवाचा आदिपुरुष भूमीखालीं आहे, त्यास डिंवचल्यास रोगराई होते, म्हणून खणूं नये, असें जावोइन वृद्धांनीं सांगितलें. हा समज अलीकडचा, खाणीच्या वेळीं वाढविलेला, असें विरोधकांचें म्हणणें होतें. सरकारनें १९९१ सालीं खाणीस मनाई केली. आमच्या मतें श्रद्धेचें रूप काळाप्रमाणें बदललें एवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीं. आमच्याहि क्षेत्रमाहात्म्यांत नवे अध्याय भरत आले आहेत. तपासावयाचें तें हें कीं, वादाच्या आधींहि ती भूमि त्या लोकांस जपण्याची होती कीं नव्हती. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्सेस्का मर्लान यांनीं १९९८ सालच्या आपल्या ग्रंथांत कॅथरिन भागांतील लोकांची स्थळांविषयींची समजूत सरकारी व्यवहाराच्या संगतीनें कशी बदलत गेली तें दाखविलें आहे. परंपरा जिवंत आहे म्हणूनच ती बदलते, एवढेंच त्यावरून निघतें.

सर्वांत मोठी मर्यादा निराळीच आहे. कागद वाचणारा नसला तरी कागद पेटींत पडून राहतो, व शंभर वर्षांनीं कोणी मोडी जाणणारा येऊन त्यास वाचा फोडतो. स्मरणाच्या पुराव्यास पेटी नाहीं. जावोइन भाषा पुरतेपणीं बोलणारे आतां फारच थोडे उरले आहेत. २००५ सालीं तिचा कोश झाला ही समाधानाची गोष्ट, पण कोशांत शब्द राहतात. कोणत्या वळणावर कोणतें नांव उच्चारावयाचें हें चालणाऱ्याबरोबरच जातें. दावा दहा वीस वर्षें उशीरा उभा राहिला असता तर साक्षीस कोण आलें असतें, हा विचार मनांत आल्यावांचून राहात नाहीं. जी जमीन लिहिण्यावांचून हजारों वर्षें टिकली, तिच्यावरील हक्क एका पिढीच्या मृत्यूनें सिद्ध करतां न येण्याजोगा झाला असता.

७. आमचें कर्तव्य

यावरून आमच्या कामासंबंधीं एक सूचना करावीशी वाटते. आपल्या दफ्तरांत शेंकडों महजर आहेत, व त्यांत शिवेच्या खुणा म्हणून वड, चिंच, ओढा, धोंडा, म्हसोबा, जुना बांध यांचीं नांवें आहेत. आपण ते कागद छापतों, तारखा जुळवितों, शिक्के वाचतों. त्या खुणा आज जागेवर आहेत कीं नाहींत, त्या नांवानें त्यांस ओळखणारा वृद्ध गांवांत आहे कीं नाहीं, हें पाहण्यास किती जण गेले? कै. राजवाडे कागदांसाठीं गांवोगांव हिंडले, तें हिंडणें आपण सर्वांनीं वंद्य मानिलें. आतां छापलेला महजर हातीं घेऊन त्याच गांवच्या शिवेवरून चालण्याची पाळी आहे. बरोबर गांवचा एखादा गुराखी, कोळी किंवा कातकरी असावा, व तो जें नांव सांगेल तें त्याच्याच उच्चारांत टिपावें. लेखांत नसलेलें नांव तो सांगेल तर तेंहि टिपावें, आणि तो न सांगेल तर आग्रह करूं नये. नित्मिलुकच्या दरींत आम्हीं जें पाहिलें त्यावरून एवढें निश्चित म्हणतां येतें कीं, असा मनुष्य जोंवर चालूं शकतो तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.